चढणाऱ्याची सही

माझी मुलगी वकील आहे. हे सांगताना मी आवाज खाली घेत नाही, आणि कोणी विचारलं नाही तरी सांगते. बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही सांगते. मुलीला ते मुळीच आवडत नाही. "आई, लोकांना काय करायचंय?" म्हणून ती वैतागते. लोकांना काय करायचंय ते लोक बघतील. मला सांगायचं असतं.

आमचा लाकडी शिड्यांचा कारखाना आहे. कारखाना म्हटल्यावर फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. उंच छताची एक लांबलचक खोली, मागे लाकूड ठेवायची शेड, पुढे रस्त्यावर उघडणारं रुंद दार आणि जिकडेतिकडे भुसा. हा भुसा आमच्या घरात, केसांत, कधीकधी चहातही सापडतो. माझे थोरले दीर, म्हणजे भाऊजी, शिडीचे दांडे तासायचे. आमचे हे पायऱ्या कापून त्या दांड्यांच्या खाचांत बसवतात. आणि मी चढते.

हसू नका. आमच्याकडे तयार झालेली शिडी तशीच गिऱ्हाइकाला देत नाहीत. ती भिंतीला लावायची, ज्याने केली त्याने खाली उभं राहून धरायची आणि घरातल्या दुसऱ्या कोणीतरी शेवटच्या पायरीपर्यंत चढायचं. करणाऱ्याने स्वतः चढायचं नाही. त्याला आपल्या हातची चूक दिसत नाही, असं माझे सासरे म्हणायचे. नोकरांनाही चढवायचं नाही. शिडी मोडायचीच असेल तर घरचं माणूस पडू दे, परक्याचं नको. वर पोचलं की चढणाऱ्याने ओरडायचं, "चढले!" मग खालच्याने उत्तर द्यायचं, "धरलंय!" हे दोन शब्द झाल्याशिवाय शिडी दाराबाहेर जात नाही. आधी सासूबाई चढायच्या. त्यांचे पाय थकल्यावर ते काम माझ्याकडे आलं. आमच्या घरात सोनंनाणं कोणी दिलं नाही, पण शिडीच्या टोकावरून हात टेकायची भिंतीवरची ती जागा मला मिळाली. त्याचा मला तोरा आहे, तो मी लपवत नाही.

मुलगी मात्र कधी चढली नाही. लहानपणी दुसऱ्या पायरीवरच तिचे पाय लटपटायला लागायचे आणि ती डोळे घट्ट मिटून घ्यायची. शिड्या करणाऱ्यांच्या घरात उंचीला घाबरणारी पोर! भाऊजींनी तिचं नाव तळमजला ठेवलं. ते स्वतः विधुर, त्यांना मूलबाळ नाही, सगळी माया आणि सगळी थट्टा हिच्याच वाट्याला. "काय तळमजला, आज कोर्ट कुठल्या मजल्यावर होतं?" असं विचारायचे. ती म्हणायची, "तिसऱ्या. पण तिथे जिना आहे काका, तुमची शिडी नाही." मग दोघं बराच वेळ हसत बसायची.

पुढे दिवस वाईट आले. कधी रस्ते बंद, कधी बँका बंद. सकाळी लाकडाची गाडी निघाली तर संध्याकाळी पोचेल की नाही याचा भरवसा नाही. पलीकडच्या बेकरीवाल्याचं दुकान तर नुसत्या एका सहीसाठी बंद पडलं. तो कामासाठी बाहेरगावी गेला आणि तिथेच अडकला. बायको भट्टीपाशी उभी, पीठ तयार, गिऱ्हाईक दारात, पण बँकेतलं खातं, परवाना, विजेचं बिल सगळं त्याच्या एकट्याच्या नावावर. ती बिचारी आमच्याकडे येऊन रडली. त्या दिवसापासून मुलगी दर शनिवारी दुपारी कारखान्यातल्या लांब टेबलापाशी बसायला लागली. ज्याला विचारायचंय त्याने यावं, विचारावं, जावं. रंधे आणि पटाश्या बाजूला सारून ती जागा करायची.

लोक यायचे. शिंपी यायचा, टॅक्सीवाला यायचा, दवाखान्यातली नर्स यायची. प्रत्येकाला वाटायचं, वकीलबाई काहीतरी जड जड कलमं सांगतील. ती विचारायची, "उद्या सकाळी तुम्ही उठूच शकला नाहीत, तर दुकान कोण उघडेल?" टॅक्सीवाला म्हणाला, "भाऊ उघडेल की." "भावाला कोणी उघडू देईल का? कुठल्या कागदावर त्याचं नाव आहे?" टॅक्सीवाल्याने डोकं खाजवलं. नर्सबाईंना तिने सांगितलं, "तुमच्या आईला कुठलं औषध चालतं आणि कुठलं नाही, हे फक्त तुमच्या डोक्यात ठेवू नका. तुम्ही ड्यूटीवर अडकलात तर तिच्यासाठी डॉक्टरांशी कोण बोलणार, ते आईलाच आज विचारा आणि तिच्याच सहीने लिहून ठेवा. ती धडधाकट आहे तोवर." एकदा एक म्हातारा म्हणाला, "मृत्युपत्र केलं की माणूस लवकर जातो म्हणतात." ती म्हणाली, "आजोबा, न करताही जातोच. फक्त मागे भांडणं ठेवून जातो." मी कोपऱ्यात सँडपेपर घासत हे सगळं ऐकायचे आणि माझी छाती फुगायची. कोर्टात ती कशी बोलते मी पाहिलेलं नाही. पण आमच्या टेबलापाशी ती बोलायची ते प्रत्येकाला कळायचं. यापेक्षा मोठी वकिली कोणती असते, मला ठाऊक नाही.

सगळ्या गल्लीला शहाणं करून झाल्यावर ती आमच्याकडे वळली. आमचं काय होतं? भाडेकरार भाऊजींच्या नावावर. खातं भाऊजींचं. लाकूडवाल्याशी बोलणं भाऊजींचं. म्हणजे बेकरीवाल्याचंच चित्र, फक्त पिठाच्या जागी भुसा. तिने जेवताना विषय काढला आणि भाऊजींनी ताट बाजूला सारलं.

"मी अजून मेलेलो नाही," ते म्हणाले.

"काका, मेल्यावर कशाला विचारू? तेव्हा तुम्ही उत्तर देणार आहात का?"

आमच्या ह्यांनी तिला डोळ्यांनी दटावलं. भाऊजी उठून गेले. पुढचे काही दिवस ते तिला तळमजलासुद्धा म्हणाले नाहीत, यावरून राग केवढा होता ते समजा.

एका शनिवारी लोक गेल्यावर ती त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. नवीन शिडी भिंतीला लागलेली होती. मी नुकतीच चढून उतरले होते आणि गुडघा चोळत बसले होते, कारण तेव्हापासूनच तो कुरकुरायला लागला होता.

"काका, करणारा स्वतः का नाही चढत?" तिने विचारलं.

"चूक दिसत नाही म्हणून. आणि मग खाली धरणार कोण?"

"मग एवढा कारखाना तुमच्या एका सहीवर चढलाय. त्याला खाली कोणी धरलंय?"

 भाऊजी रंधा हातात घेऊन त्याचं पातं अंगठ्याने तपासत राहिले. मी त्यांना इतकी वर्षं पाहते आहे. पटलेलं कबूल करायची वेळ आली की ते हत्यारात तोंड घालतात. शेवटी म्हणाले, "काय लिहायचंय ते लिही. पण आमच्या पद्धतीने लिही. बाजारातला छापील नमुना मला नको."

तिने तसंच लिहिलं. कारखाना एकट्या भाऊजींचा न राहता भाऊजी, आमचे हे आणि मी अशा तिघांच्या भागीदारीचा झाला. एक भागीदार आजारी पडला किंवा गेला तरी काम थांबायचं नाही, असं त्यात आलं. सहीचं कलम तर मला पाठ आहे: करणाऱ्यांपैकी एक आणि चढणारी एक, अशा दोन सह्या एकत्र नसतील तर तो कागद कारखान्यावर बंधनकारक नाही. चढणारी म्हणजे मी. आमचे हे म्हणाले, "तिची सही कशाला? ती घरचीच आहे." मुलगी म्हणाली, "बाबा, आजवर तुमची प्रत्येक शिडी हिने आपल्या जिवावर तपासली. हिची सही नाही तर कोणाची?"  मी आत जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले. आनंदाने रडले, स्पष्ट सांगते.

एक जागा मात्र कोरी राहिली. माझ्यानंतर चढणारी म्हणून कोणाचं नाव घालायचं? मुलीने स्वतःचं सुचवलं. भाऊजींनी मान हलवली. "जो खरोखर चढेल त्याचंच नाव येईल. नावापुरतं कोणी नको." तिचा चेहरा उतरला, पण तिने वाद घातला नाही. नियम तिनेच आमच्या पद्धतीचे करायला घेतले होते.

मग जागेच्या मालकाकडे गेलो. त्या दिवसांत भाडेकरू दुकानं सोडून चालले होते, त्यामुळे तो आम्हाला चहा पाजायलाही तयार होता. नवा भाडेकरार भागीदारीच्या नावावर झाला. मुदत संपायच्या आधी आम्ही दोन सह्यांनी कळवलं की करार पुढे चालू, अशी अट मुलीने घातली. सहीचं ते कलमही त्यात उतरवलं. मालकाने ते मोठ्याने वाचलं आणि खो खो हसला. "चढणारी! वकीलबाई, हे कोर्टात वाचून दाखवाल तेव्हा मला बोलवा हं." हसत हसतच त्याने सही ठोकली.

भाडेकराराची मुदत संपत आली आणि एका सकाळी भाऊजी रंधा मारता मारता खाली कोसळले. उजवा हात गेला, वाचा गेली. समजत सगळं होतं. डोळे आमच्या तोंडाकडे लागलेले असायचे. बोलायला जायचे आणि नुसता घोगरा आवाज यायचा, मग ते भिंतीकडे तोंड फिरवायचे. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, बाकीचं हळूहळू बघू. मला भाऊजींची काळजी होती आणि लाज वाटायची ती याची, की तेवढीच काळजी कारखान्याचीही होती. पण भाऊजींचं निम्मं आयुष्य त्या भुशात गेलेलं. ती खोली गेली असती तर ते घरी परत आलेच नसते.

तोवर दिवस पालटले होते. एका गोदामवाल्या कंपनीला आमची दुकानांची ओळच्या ओळ हवी होती आणि मालकाच्या डोळ्यांसमोर नवी इमारत उभी राहायला लागली होती. तो दवाखान्यात आला, फळांची करंडी घेऊन. मी घरी डबा करायला गेले होते. व्हरांड्यातल्या बाकावर त्याने आमच्या ह्यांना गाठलं. "मोठे गेल्यातच जमा आहेत, तुम्ही एकटे काय काय बघणार, दवाखान्याचा खर्च मी उचलतो, जागा मोकळी करा." आमचे हे म्हणजे साधा माणूस. भावाला नळ्या लावलेल्या बघून आधीच अर्धे झालेले. त्यांनी त्याच्या कागदावर सही केली.

रात्रीच्या जेवणाला त्यांनी घास तोंडात घेतला नाही तेव्हा मला संशय आला. खोदून विचारल्यावर सगळं बाहेर पडलं. मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली एवढं सांगते. हे मान खाली घालून बसले होते. मुलगी कामावरून आली, आमची तोंडं बघून तिने बॅग तशीच खांद्याला ठेवली आणि बाबांच्या हातातली त्या कागदाची प्रत वाचली. वाचून ती हसली. भाऊजी पडल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

"बाबा, ही अर्धीच सही आहे. करणाऱ्याची आहे, चढणारीची नाही. याने कारखाना बांधला जात नाही."

"पण मी सही दिलीय गं. माझा शब्द गेला."

"तुमचा एकट्याचा शब्द गेला. कारखान्याचा शब्द तुम्हा दोघांचा आहे. म्हणून तर दोन ठेवल्या. कधीतरी कोणीतरी दमलेलं असणार, हे मला तेव्हाच ठाऊक होतं." ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. एक शब्द दोषाचा नाही. मी आतापर्यंत ज्या सुरात बोलत होते त्याची मला जरा शरम वाटली. जराच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक दोन माणसं आणि मोजायची टेप घेऊन कारखान्यात आला. मी तेव्हा शिडीच्या टोकावर होते. एका रंगाऱ्याची शिडी द्यायची होती, भाऊजी आजारी पडले म्हणून गिऱ्हाईक थांबत नाही. खाली आमच्या ह्यांनी दांडे धरलेले. मी "चढले!" म्हणून ओरडले आणि उत्तर यायच्या आत हा दारातून आत शिरला. टेपवाला सरळ भिंत मोजायला लागला.

कोर्टात जाण्यापूर्वी मुलगी काळा कोट घालून टेबलापाशी बसलेली होती. ती उठली. "टेप गुंडाळा," ती म्हणाली. मालकाने आमच्या ह्यांची सही तिच्यापुढे नाचवली. तिने त्याच्यासमोर भाडेकरार ठेवला आणि ते कलम बोटाने दाखवलं.

"वाचा. मागच्या वेळी मोठ्याने वाचलं होतंत."

त्याने या वेळी मनातल्या मनात वाचलं. मग त्याने वर पाहिलं. शिडीच्या टोकावर मी. तो सूर बदलून म्हणाला, "वहिनी, तुम्ही तरी समजून घ्या. घरात आजारपण, दिवस हे असले. एक सही करून टाका आणि सुटा. पेन देऊ का?"

"द्या की," मी म्हणाले. "वर आणून द्या."

टेपवाला फस्सकन हसला. मालकाने खरोखर एक पाय पहिल्या पायरीवर ठेवला, मग शिडीच्या उंचीकडे पाहिलं आणि पाय काढून घेतला. मी सावकाश खाली उतरले, गुडघ्याने ठणका दिला तरी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. टेबलावर मुलीने करार पुढे चालू ठेवण्याची सूचना तयारच ठेवली होती. मी सही केली. ठळक, पूर्ण नावाची. मग पेन ह्यांच्या पुढे धरलं. त्यांनी मालकाच्या डोळ्यांत बघून सही केली. तेवढ्यासाठी मी त्यांना आदल्या रात्रीचं सगळं माफ केलं.

"मी कोर्टात जाईन," मालक म्हणाला.

"अवश्य या," मुलगी म्हणाली. "हे कलम मी कोर्टात वाचून दाखवेन तेव्हा तुम्हाला बोलवायचं, असं ठरलंच आहे आपलं."

तो कोर्टात गेला नाही. त्याच्या स्वतःच्या वकिलाने कागद वाचून त्याला घरी पाठवलं, असं नंतर कळलं. बाकीची ओळ पडली. आमचं दार उघडं राहिलं.

भाऊजींना आम्ही घरी आणलं ते सरळ कारखान्यातच आणलं. त्यांनीच डाव्या हाताने खूण केली होती. खुर्चीत बसून त्यांनी सगळीकडे नजर फिरवली. लाकडाचा वास घेतला. मुलीने त्यांना काय काय झालं ते सांगितलं, मालकाचा पाय पायरीवर कसा अडला तेही सांगितलं, तेव्हा त्यांचा अर्धा चेहरा हसला. मग त्यांनी टेबलावरच्या भागीदारीच्या कराराकडे बोट केलं. तिने तो उघडून समोर धरला. त्यांचं बोट हळूहळू सरकत त्या कोऱ्या जागेवर थांबलं. तिथून ते माझ्या गुडघ्याकडे वळलं, मग भिंतीला लावलेल्या शिडीकडे, आणि मग तिच्याकडे.

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "काका, मला नाही जमणार."

भाऊजी खुर्चीतून उठायला लागले. आम्ही दोघं धावलो. ते शिडीपाशी गेले, डाव्या हाताने एक दांडा घट्ट पकडला आणि तिच्याकडे बघत उभे राहिले. एका हाताने शिडी धरता येत नाही, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. आमचे हे पुढे झाले आणि त्यांनी दुसरा दांडा धरला.

तिने बूट काढले. कोट काढायचं तिला सुचलं नाही. पहिली पायरी, दुसरी. दुसरीवर ती थांबली, लहानपणी थांबायची तिथेच. मी म्हणू शकले असते, राहू दे बाळा, उतर. ओठांवर आलं होतं.  तिने डोळे मिटले नाहीत. ती चढत गेली, पांढरी बोटं एकेका पायरीला आवळत. कोटाची किनार भुशाने माखली. शेवटच्या पायरीवर तिने भिंतीवरची ती जागा शोधली, जिथे आधी सासूबाईंचा हात टेकायचा आणि मग माझा, आणि तिथे आपला तळवा टेकवला.

"चढले!" ती ओरडली. आवाज चिरकला, पण ओरडली.

आमच्या ह्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मी त्यांना खुणेने थांबवलं. दांडा भाऊजींच्या हातात होता, उत्तर त्यांचं होतं. भाऊजींच्या मानेच्या शिरा ताठल्या. ओठ वाकडे झाले. किती वेळ गेला कोण जाणे, वर ती भिंतीला चिकटून उभी. मग त्यांच्या घशातून एक आवाज आला, तुटका, ओबडधोबड. परक्या माणसाला तो शब्द वाटला नसता.

त्याच संध्याकाळी कोऱ्या जागेत आम्ही माझ्या मुलीचं नाव लिहिलं. कारण शिडीच्या टोकावरून तिने खाली पाहिलं होतं, आणि रडत रडत हसून म्हणाली होती, "ऐकलं काका. धरलंय."